तासाभराचे ठाणे

१६ एप्रिल १८५३ च्या दुपारी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला निघाली. तीन इंजिने, चौदा डबे, चारशे पाहुणे आणि वर एकवीस तोफांची सलामी. चौतीस किलोमीटरला तिला तास-सव्वा तास लागला. पावणेदोनशे वर्षे होत आली. आजची स्लो लोकलही ठाण्याला साधारण तासाभरानेच टेकते. मधली सतरा स्टेशने ती घेते, हे खरे. पण ‘आगगाडी आली आणि काळ धावू लागला’ असे म्हणणाऱ्याने एकदा स्लोने जाऊन यावे.

वेग फारसा वाढला नाही, माणसे वाढली. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या एकाच लोकलमध्ये चार-पाच हजार जण असतात. म्हणजे त्या पहिल्या गाडीतले सगळे पाहुणे आज एका डब्यात गेले असते, आणि तो डबा पाहून कोणी ‘आज बरी आहे गर्दी’ म्हणाले असते! कोविडपूर्वी मुंबईच्या उपनगरी गाड्यांतून रोज सुमारे ७५ लाख प्रवासी जात. जाणारा आणि येणारा एकच माणूस यात दोनदा मोजला जातो. तरी आकडा निम्मा करून पाहा, छाती दडपतेच.

रेल्वेवाल्यांनी या दाटीचे मापही काढले आहे: एका चौरस मीटरला चौदा ते सोळा उभे प्रवासी. एक चौरस मीटर म्हणजे जेवायला दोन पाट मांडावेत एवढी जागा. तिथे सोळा जण, सॅक पोटावर घेऊन.

बसणाऱ्यांचाही हिशेब अपूर्णांकातला. तिघांच्या बाकावर ‘जरा सरका’ म्हणत चौथा टेकतो. वीतभर बाक त्याला मिळतो, बाकीचा भार त्याच्या एका पायावर. रेल्वेच्या नोंदीत ही चौथी सीट नाही. डोंबिवली-दादरच्या माणसाला मात्र ती हक्काची वाटते. टेकलेल्याला उभ्याचा पहिला प्रश्न: ‘कुठे उतरणार?’ कुर्ला म्हटले की पुढचा नंबर लागला.

दारात लटकणारा मात्र कुठल्याच मापात बसत नाही. २०२३ साली मुंबईच्या उपनगरी मार्गांवर, रूळ ओलांडताना, गाडीतून पडून आणि इतर कारणांनी, अडीच हजारांहून अधिक माणसे गेली. दिवसाला सरासरी सात.