पेनचं लाकूड: चीर वेगळी, टवका वेगळा

मागच्या भागात लेथ कसा निवडायचा ते पाहिलं. आज ज्या विषयावर सगळ्यांत जास्त विचारणा होते तो घेऊ. लाकडी पेन कातताना लाकूड तडकतं किंवा टवका उडतो, त्याचं काय करायचं?

इंदूरच्या एका गृहस्थांनी पाडलेल्या वाड्याच्या चौकटीचा सागवानी तुकडा जपून ठेवला आहे. तीन भावंडांसाठी त्यातून तीन पेनं करायची आहेत, आणि तुकड्यातून निघतील जेमतेम चार. अशा लाकडाला बदली मिळत नाही. म्हणून आज जरा सविस्तर बोलतो.

सुरुवातीला एक गोष्ट पक्की करू. चीर आणि टवका हे दोन वेगळे आजार आहेत. चीर लांबीच्या दिशेने जाते, बरेचदा पेन तयार झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी. टवका उडतो तो काम चालू असताना, आणि बहुतेक वेळा टोकाशी. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. धार लावून चीर थांबत नाही आणि लाकूड वाळवून टवका थांबत नाही.

चीर का पडते? पेनच्या आत पितळी नळी असते. नेहमीच्या सडपातळ पेनात ती बाहेरून ७ मिमी, आणि तयार पेनची जाडी असते आठ मिमीच्या थोडी वर. म्हणजे नळीवर लाकूड उरतं एक मिलिमीटरपेक्षाही कमी. दोन-तीन पोस्टकार्डं एकावर एक ठेवा, बस, तेवढंच. लाकूड हवेप्रमाणे ओल घेतं आणि सोडतं. हवेतली आर्द्रता ८० टक्के असेल तर लाकडात साधारण १६ टक्के ओल राहते, ३० टक्के असेल तर सहाच्या आसपास. ओल गेली की लाकूड रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. पितळ मात्र ओल गेली म्हणून आकसत नाही. लाकडाला आत सरकायला जागाच नाही, मग ते फाटतं.

आता देशाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. रत्नागिरीत जुलैत केलेलं पेन जोधपूरला मे महिन्यात कुणाच्या खिशात असेल, तर त्याच्यावर काय प्रसंग येईल? आपल्यापैकी बरेच जण बदल्यांवर फिरणारे किंवा मुलं चार राज्यांत पांगलेली. पेन कुठे जाणार आहे हे आधी विचारा.

उपाय वाळवण्याचा. ओल मोजायचं यंत्र असेल तर ८ ते १० टक्क्यांपर्यंत लाकूड येऊ द्या. नसेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, तुकड्यावर तारीख आणि वजन पेन्सिलीने लिहा, आठवड्याला एकदा तोला. सलग तीन आठवडे वजन हललं नाही की लाकूड तुमच्या खोलीच्या हवेशी जुळलं. पावसाळ्यात मात्र हे जुळणं फसवं असतं. तेव्हा चालू वहीत फक्त वजनं लिहा, कातकाम दिवाळीनंतर. ताज्या फांदीचा तुकडा असेल तर दोन्ही टोकांना वितळलेलं मेण लावून वाळवा, कारण टोकांतून ओल फार भराभर जाते आणि तिथेच फाटतं. झाडाच्या अगदी मधोमधचा मऊ भाग तुकड्यात येऊ देऊ नका. तो आला की चीर ठरलेली.

दुसरा शत्रू उष्णता. सावंतवाडीची किंवा चन्नपट्टणची खेळणी कातणारे कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात, घर्षणाने लाख वितळते आणि रंग चढतो. तिथे उष्णता हवीच असते, आणि आत नळी नसल्याने बिघडत काही नाही. आपल्याला ती चैन परवडत नाही. भोक पाडताना बिट दर सेंटिमीटरला बाहेर काढून भुसा झटका, वेग कमी ठेवा. शिसव, आबनूस असल्या घट्ट लाकडात तर घाई नकोच. भोक पाडल्यावर तुकडा रात्रभर तसाच ठेवा, नळी दुसऱ्या दिवशी चिकटवा. पॉलिश पेपर मारताना बोटाला चटका जाणवला की थांबा. (शिसवाचा भुसा बऱ्याच जणांना सोसत नाही, नाकावर मास्क हवाच. आणि फिरत्या कामावर कापडी फडकं कधीही नाही, कागदी रुमालच. फडकं अडकलं तर बोटासकट ओढतं.)

आता टवका. लाकडाचे तंतू एकमेकांना धरून असतात, पण टोकाच्या तंतूला पुढे आधार नसतो. तिथे हत्याराने ढकललं की तो सुटतो. भोक पाडतानाही हेच होतं. बिट पलीकडून बाहेर पडताना लाकूड उकलून टाकतं. म्हणून तुकडा नळीपेक्षा १० मिमी लांब ठेवा, बिट पलीकडे बाहेर येण्याआधीच थांबवा आणि उरलेलं टोक बारीक दात्यांच्या करवतीने कापून भोक उघडा. उकलायला टोकच शिल्लक राहत नाही. सगळ्या युक्त्यांत ही मला सर्वांत खात्रीची वाटते.

नळी चिकटवण्याकडे लोक दुर्लक्ष करतात. माझ्या मते निम्मे टवके इथेच जन्माला येतात. जिथे गोंद पोचला नाही तिथे लाकूड पोकळीवर उभं असतं, आणि पातळ झालं की पापडासारखं फुटतं. नळी पॉलिश पेपरने खरवडून घ्या. फेविक्विकसारखा झटपट गोंद नळी अर्ध्यात असतानाच धरतो, त्यामुळे अ‍ॅराल्डाइटसारखा सावकाश धरणारा बरा. भोकातही लावा, नळीलाही लावा, फिरवत फिरवत आत घाला. नळीच्या तोंडात गोंद जाऊ नये म्हणून ती आधी कच्च्या बटाट्याच्या चकतीत दाबा. बटाट्याचं बूच बसतं, नंतर सळईने ढकलून काढा. आत गोंद राहिला तर शेवटी पेनचे भाग दाबून बसवताना नळी फुगते आणि तयार पेन हातात तडकतं. गोल कानशीने आतून साफ करूनच पुढे जा.

लेथवर चौकोनी तुकडा गोल करताना मधून लांबलचक घाव घेऊ नका, मोठी ढलपी उचकटून येईल. टोकाजवळून छोटे घाव, मग हळूहळू मागे सरकत जायचं. पटाशी धारदार, घाव हलका, पातं तिरकं. शेवटचा एक मिलिमीटर उरला की लेथ बंद करा आणि पुन्हा धार लावा, ती कितीही बरी वाटत असली तरी. गाठ किंवा वेडावाकडा रेषा असलेला भाग दिसला तर त्यावर पातळ फेविक्विक मुरू द्या, पूर्ण वाळू द्या, मग पुढे. टवका सुटल्यासारखा दिसला तरी हेच, फक्त लेथ त्याच क्षणी थांबवायचा. उडालेली कपची सापडली तर जपून ठेवा, तीच परत चिकटते.

वाड्याच्या जुन्या लाकडाबद्दल एक वेगळी सूचना. त्यात खिळ्यांची टोकं मोडून राहिलेली असतात. करवत लावण्याआधी चारही बाजूंनी लोहचुंबक फिरवा. आणि चारपैकी पहिलं पेन स्वतःसाठी करा. उरलेली तीन त्याच्यानंतर.

पटाशीला धार कशी लावायची, दगड कोणता, कोन किती, ते पुढच्या भागात पाहू.