शिक्षेच्या आधीची शिस्त

ख्रिस्ती शाळा म्हटली की कडक इस्त्रीचा गणवेश, मुकाट चालणाऱ्या रांगा आणि हाती छडी घेतलेले फादर असे चित्र अनेक पालकांच्या मनात उभे राहते, आणि पुष्कळदा या धाकाच्या ओढीनेच मुलांना तिथे घातले जाते. परंतु ख्रिस्ती शिक्षणपरंपरेत शिस्तीविषयी एकमत कधीच नव्हते. जेझुइट, म्हणजे येशूसंघाच्या धर्मगुरूंनी १५९९ साली आपल्या विद्यालयांसाठी जी नियमावली पक्की केली, तिला शारीरिक शिक्षा मान्य होती, मात्र ती देण्यासाठी संघाबाहेरचा माणूस नेमावा, असा तिचा दंडक होता. शिक्षा तर व्हावी, पण तिचा वाईटपणा गुरूच्या वाट्याला येऊ नये, अशी ही व्यवहारी तोड होती.

या प्रश्नाला खरी कलाटणी दिली ती इटलीतील तुरीनच्या जॉन बॉस्को (१८१५–१८८८) या धर्मगुरूंनी. खेड्यांतून पोटापाण्यासाठी शहरात आलेली आणि उनाडक्या करता करता तुरुंगापर्यंत पोहोचलेली मुले त्यांनी जवळून पाहिली होती. अशा मुलांसाठी त्यांनी वसतिगृहे, शाळा व कार्यशाळा उभारल्या आणि १८५९ मध्ये सालेशियन संघाचा पाया घातला. १८७७ च्या एका छोट्या निबंधात त्यांनी शिस्तीच्या दोन पद्धती सांगितल्या आहेत: नियम जाहीर करून अपराध्याला हुडकायचे व दंड करायचा, ही दमनाची पद्धत, आणि नियम समजावून देऊन शिक्षकाने मुलांमध्ये असे वावरायचे की चूक घडायला फारशी संधीच उरू नये, ही प्रतिबंधाची. दुसरीचा आधार विवेक, धर्म आणि माया हा असून बॉस्को यांचा कौल निःसंदिग्धपणे तिच्या बाजूने होता.

या निबंधातील शिक्षेविषयीचा भाग आजही मुद्दाम वाचावा असा आहे. मारणे, त्रास होईल अशा रीतीने गुडघे टेकायला लावणे, कान ओढणे हे प्रकार पूर्णपणे टाळावेत, कारण कायद्याने ते निषिद्ध आहेत, त्यांनी मुले चिडतात आणि शिक्षकाची पत जाते, असे तिथे म्हटले आहे. कानउघाडणी शक्यतो चारचौघांत करू नये; ज्या शिक्षकाविषयी जिव्हाळा आहे त्याची नाराज नजरसुद्धा मुलाला पुरेशी लागते. मैदानावर धावण्याची, उड्या मारण्याची आणि ओरडण्याची मात्र पूर्ण मुभा होती. तरीही या पद्धतीला मवाळ समजणे चूक ठरेल, कारण मूल दिवसभर कोणाच्या तरी नजरेखाली असे आणि आजच्या वाचकाला ही माया थोडी गुदमरवणारीही वाटू शकेल. ईश्वरनिंदा, अनाचार आणि चोरी या तीन गोष्टींच्या बाबतीत तर संस्थेची नियमावली कठोरच होती.

सालेशियन धर्मगुरू १९०६ मध्ये तंजावरला आले आणि पुढे मुंबईत माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेमुळे हे नाव मराठी घरांत पोहोचले. इथे धर्म या आधाराचा अर्थ बदलणे अपरिहार्य होते, कारण भारतातील ख्रिस्ती शाळांत बहुसंख्य विद्यार्थी अन्यधर्मीय असतात आणि संविधानाच्या अनुच्छेद २८(३) नुसार मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत कोणालाही स्वतःच्या, किंवा अज्ञान असल्यास पालकांच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. कॅथलिक बिशपांच्या राष्ट्रीय परिषदेनेही २०२४ मध्ये आपल्या शाळांना अन्यधर्मीयांवर ख्रिस्ती प्रथा लादू नयेत आणि सकाळच्या सभेत संविधानाची उद्देशिका वाचावी, अशा सूचना केल्या.

विवेक आणि माया या उरलेल्या दोन आधारांची अडचण वेगळी आहे: त्यांना शिक्षकाचा वेळ लागतो. पन्नास-साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षिकेला मधल्या सुट्टीत मैदानावर उतरण्यापेक्षा डायरीत लाल शाईचा शेरा मारून पालकांची सही मागवणे सोपे पडते. ही घसरण खुद्द बॉस्को यांच्या हयातीतच सुरू झाली होती. १८८४ च्या मे महिन्यात रोमहून तुरीनला पाठवलेल्या पत्रात त्यांची तक्रार मुलांपेक्षा अधिक सहकाऱ्यांविषयी आहे: ते खेळातून अंग काढून घेतात, लांबून देखरेख करतात, आणि मुलांवर नुसते प्रेम असून भागत नाही, ते मुलांना जाणवलेही पाहिजे, हे विसरतात.