टरफलाची मात्रा शेणाला लागू पडेल?

खेकडे, कोळंबी, शेवंड यांची टरफलं जगात दरवर्षी साठ ते ऐंशी लाख टन निघतात, असा अंदाज २०१५ साली ‘नेचर’मध्ये मांडला गेला होता. गोठ्यातून सुटणारे वायू आवरायला ती वापरावीत, ही कल्पना ऐकायला झकास. पण टरफलं कुटून तशीच शेणात टाकली, तर काम बिघडण्याचीच भीती.

गायीच्या मुतातल्या युरियाची शेणातल्या युरिएज विकराशी गाठ पडली की अमोनिया तयार होतो. सामू जितका चढा, तितका तो जास्त उडतो. म्हणून डेन्मार्कमध्ये शेणमुताच्या पातळ मिश्रणात, म्हणजे स्लरीत, चक्क गंधकाम्ल मिसळतात. सामू साडेपाचच्या आसपास आला की अमोनिया बराचसा द्रवातच राहतो आणि मिथेन बनवणारे सूक्ष्मजीवही मंदावतात. टरफलात मात्र तीस ते पन्नास टक्के कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आम्ल मारणारा पदार्थ! कोकणात शिंपल्या भाजून चुना करत, तो याच्याच जोरावर.

टरफलात कामाचं आहे ते कायटिन. कॉस्टिक सोड्याच्या दाट, गरम द्रावणात त्याचं कायटोसान होतं. ते सौम्य आम्लात विरघळतं आणि त्यावर धन प्रभार येतो. स्लरीतले बारीक कण ऋण प्रभाराचे, एकमेकांना दूर ढकलत तरंगणारे. तुरटीनं गढूळ पाणी निवळावं तसे कायटोसानमुळे ते गोळा होतात. अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी दुभत्या जनावरांच्या शेणपाण्यावर हे करून पाहिलं. २००९ मध्ये त्यावर शोधनिबंध आला. घन भाग निघाला की शेण साठवायच्या खड्ड्यातल्या मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांचं खाद्यच कमी होतं. काढलेल्या चोथ्याचं हवेशीर कंपोस्ट करा किंवा तो बायोगॅस संयंत्रात घाला. कायटोसान जंतू मारतं याचा गाजावाजा जास्त होतो, मला हा साधा गाळपाचा उपयोग अधिक भरवशाचा वाटतो.

आपल्याकडे गोवऱ्या थापल्या की शेण वाळतं, त्यातून मिथेन फारसा बनत नाही. प्रश्न आहे तो पाण्यानं धुतलेलं शेण खड्ड्यात साठवणाऱ्या मोठ्या डेअऱ्यांचा. कायटोसान बनवण्याचं तंत्रही घरचंच आहे. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं त्यावर बरंच काम केलंय.

मेख आहे ती कारखान्यात. कायटिन मोकळं करायला टरफलातला चुना हायड्रोक्लोरिक आम्लानं विरघळवतात. त्यात दर १०० किलो कॅल्शियम कार्बोनेटमागे ४४ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. वर कॉस्टिक, उष्णता आणि धुण्याचं पाणी. शिवाय हेच कायटोसान जखमेच्या पट्ट्यांसाठीही लागतं, आणि तिथला भाव डेअरीवाला कुठून देणार?