कथाचित्रकाराचे शिक्षण

मुलाचा हात चित्रकलेत चांगला आहे असे कळताच वडीलधारी मंडळी प्रथम कौतुक करतात आणि मग हळूच विचारतात, "पण यावर पोट भरेल काय?" प्रश्न रास्त आहे. मात्र सुंदर चित्र काढणे आणि वाचकापर्यंत अर्थ पोचविणारे चित्र काढणे या दोन निराळ्या विद्या आहेत, हे बहुधा ध्यानात येत नाही. दुसरी हा व्यवसाय आहे, आणि तो शिकावा लागतो.

चार्ल्स किंकेड यांनी आपल्या व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत सांगितल्या. 'डेक्कन नर्सरी टेल्स' हे ते पुस्तक १९१४ साली लंडनच्या मॅकमिलन कंपनीने काढले. त्यातील चित्रे महादेव विश्वनाथ धुरंधर यांची. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकून पुढे तेथेच शिक्षक झालेल्या या चित्रकाराला, ज्यांनी आटपाट नगराचे नावही ऐकले नव्हते अशा वाचकांसाठी कुंचला चालवावयाचा होता. परदेशी वाढणाऱ्या आपल्या नातवंडांची स्थिती त्या वाचकांहून फारशी वेगळी नाही.

त्याच पुस्तकातील सोमवारची कहाणी घ्या. राजाने महादेवाचा गाभारा भरण्यासाठी नगरीतील सारे दूध आणविले, तरी गाभारा भरेना. लेकरांना, वासरांना पाजून उरलेले खुलभर दूध एका म्हातारीने वाहिले आणि तो भरला. नवशिका हटकून दुधाने भरलेला गाभाराच काढतो. त्यात चमत्कार दिसतो, पण त्याचे कारण दिसत नाही. शिकलेला चित्रकार आधी कथा पुनःपुन्हा वाचतो, नखाएवढी दहा-वीस रेखाटने करतो आणि कथेचा कणा कोणत्या क्षणात आहे ते हुडकतो. भव्य दारात वाकलेली म्हातारी आणि तिच्या हातातील इवलेसे भांडे, एवढ्या मापांच्या विरोधातच निम्मी कहाणी सांगून होते.

पानाचा आकार, छपाईत उतरणारा रंग, ठरलेली तारीख, संपादकाच्या दुरुस्त्या आणि हक्कांचा लेखी करार, हेही शिक्षणच. (शेवटचा धडा पुष्कळजण एकदा नुकसान सोसूनच शिकतात.) आता कागदाऐवजी काचेवर रेघ ओढता येते, वाचन मात्र टळत नाही.

गेल्या श्रावणात ही कहाणी सांगून मी मंडळातील मुलांना चित्रे काढावयास बसविले. नऊ वर्षांच्या एका मुलीने राजा काढला नाही, गाभाराही नाही. गाईला लुचणारे वासरू, आणि शेजारी रिकामे भांडे घेऊन थांबलेली म्हातारी, एवढेच. "देऊळ कोठे आहे, बाळ?" मी विचारले.

"त्याचे पोट भरू द्या, आजोबा. मग ती जाईल."