ट्रॅक्टरची नळी आणि उसाची खेप



गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरला उसंत नसते. भरलेले दोन ट्रेलर ओढत चढ चढताना रेडिएटरमधून वाफ उसळते आणि ड्रायव्हर म्हणतो, "मालक, इंजिन तापलंय, पाणी ओता." पाणी ओतून गाडी पुढे जाते, दुखणे मात्र तसेच राहते.

माझेच उदाहरण सांगतो. रेडिएटरची वरची होज फुटली, म्हणून हाताला आली ती अरुंद नळी तारेने आवळून बसवली. म्हटलं, पाणी जातंय ना, मग झालं! चौथ्या दिवशी हेड गॅस्केट गेले. ट्रॅक्टर आठ दिवस उभा आणि तोडलेला ऊस फडात वाळतोय. वाळल्या उसाचे वजन घटते, उताराही जातो, हे आपणांस सांगायला नको.

नळी १ इंचाऐवजी अर्धा इंची घातली तर पाणी निम्मे येईल असे वाटते. पण तोंडाचे क्षेत्रच चौथ्या हिश्श्यावर येते, शिवाय अरुंद नळीत कडेचे घर्षण वाढते. तेवढ्याच दाबाला पाणी जेमतेम सहावा हिस्सा मिळते.

दुसरा शत्रू खार. विहिरीचे, बोअरचे जड पाणी तापले की त्यातला चुना धातूला धरतो. घरचा बंब आतून पाहा, म्हणजे पटेल. हाच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसून वाट अडवतो, आणि इंजिनच्या आत बसला की उष्णता पाण्यात उतरू देत नाही. आपल्या कारखान्यात रस आटवणाऱ्या पात्रांच्या नळ्या कॉस्टिक सोड्याने उकळून साफ करतात, त्याचेही कारण असेच आहे.

तरी सभासदांनी हंगामापूर्वी एवढे करावे :

१) होज मूळ मापाचीच घालावी. खालची होज मऊ पडली असेल तर बदलावी. पंपाच्या ओढीने ती चपटी होते.

२) जुने पाणी सोडून आतून धुवावे. नंतर बोअरचे पाणी न घालता ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंट डिस्टिल्ड पाण्यातून भरावे.

३) रेडिएटरच्या जाळीत अडकलेला पाचटाचा भुगा काढावा.

४) थर्मोस्टॅट काढून फेकू नये. थंड इंजिन जास्त झिजते, डिझेलही जास्त खाते.

५) तापल्या इंजिनचे झाकण उघडू नये, गार पाणी तर ओतूच नये. तोंड भाजते आणि हेडला तडा जातो.

होजचे पैसे वाचवायला गेलो आणि हेडचे भरले. आपण तरी तसे करू नका.