डोळे मिटले, तरी निळा उजेड

मागच्या बैठकीला आपल्या गटातली एक ताई गप्प गप्प होती. तिच्या सासूबाईंच्या डोक्यात गाठ आहे आणि शेक सुरू आहे. चौथ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "डोये मिटेल होते, तरी निया उजेड दिसला. माये डोये गेले समजा. मले नाई जाचं आता." दोन दिवस त्या गेल्याच नाहीत. घरात कोणी म्हणे अंगात आलं, कोणी म्हणे डॉक्टरांचं काही चुकलं. म्हणून आज आपण या निळ्या उजेडाबद्दलच बोलू.

शेक म्हणजे किरणोपचार. आपल्याकडे कोणी "लाईट देतात" असंही म्हणतं. पण हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. फोटो काढायच्या एक्स-रेच्याच जातीचे ते असतात, फक्त कितीतरी जोरदार. डोकं हलू नये म्हणून प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवतात. थंड झाली की ती चेहऱ्याच्या आकाराची कडक होते. ती जाळी लावून बाई खोलीत एकटीच झोपते, मशीन काही मिनिटं चालतं. चटका बसत नाही, दुखत नाही. अशा वेळी मिटलेल्या डोळ्यांपुढे निळा किंवा पांढरा उजेड चमकला, तर कोणीही घाबरेल.

हा उजेड येतो कुठून? अप्पर वर्धा धरणात नाव जोरात निघाली, की पाण्याच्या लाटा तिच्यापुढे पळू शकत नाहीत. त्या मागे पाचरीसारख्या फाकतात. डोळ्यातही तसंच होतं. डोळा आतून पाण्यासारख्या पदार्थानं भरलेला आहे आणि त्यात प्रकाशाचा वेग कमी होतो. किरणांमुळे सुटलेले बारीक कण त्यात प्रकाशापेक्षाही वेगानं धावतात, आणि त्यांच्या मागे निळसर उजेडाची लाट उठते. १९३४ साली चेरेंकोव्ह या रशियन शास्त्रज्ञानं हा उजेड अभ्यासला. त्याला १९५८ साली नोबेल मिळालं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ इथल्या संशोधकांनी उपचार चालू असतानाच रुग्णाच्या डोळ्यातला हा उजेड कॅमेऱ्यात टिपला. १९६९ साली चंद्रावर गेलेल्या अंतराळवीरांनाही अंधारात असे चमकारे दिसले होते. तिथे अवकाशातले किरण डोळ्यातून जात होते.

म्हणजे हा उजेड बाहेरून येत नाही, डोळ्याच्या आतच तयार होतो. म्हणून पापण्या मिटूनही तो थांबत नाही. मशीन थांबलं, की तोही थांबतो. तो फार मंद असतो, त्यानं नजर जात नाही. काहींना त्याच वेळी ब्लीचिंग पावडरसारखा वासही येतो. तो भासही मशीन थांबल्यावर जातो.

पण किरणांचा डोळ्यांवर काहीच परिणाम होत नाही, असंही नाही. डोळ्याजवळ शेक असेल, तर डोळे कोरडे पडतात, लाल होतात, चुरचुरतात. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी मोतीबिंदू होऊ शकतो. क्वचित डोळ्याच्या पडद्याला किंवा नसेला इजा होते, तेव्हा न दुखता नजर कमी होत जाते. म्हणून डॉक्टर आधी सिटी स्कॅन करून भिंगाला आणि नसेला किरण कमीत कमी लागतील असं आखतात.

मग लक्षात काय ठेवायचं? फक्त मशीन चालू असताना उजेड दिसला, तर घाबरायचं नाही, पण तंत्रज्ञाला सांगायचं. घरी आल्यावरही चमकारे दिसले, एकाचे दोन दिसले, धूसर झालं, डोळ्यापुढे पडदा आला, डोळा लाल होऊन दुखला, किंवा डोकं दुखून उलट्या होऊ लागल्या, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दुकानातून थेंब आणून घालू नका.

शेक मात्र मनानं बंद करू नका. डोक्याच्या काही गाठींना आठवड्यातले पाच दिवस, असे सहा आठवडे शेक लागतो. मधेच खंड पडला, तर उरलेल्या पेशींना पुन्हा वाढायला वेळ मिळतो. कापूस वेचणीच्या दिवसांत नागपूरला राहणं सोपं नाही, हे आम्हाला कळतं. राशन कार्ड, आधार घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल रुग्णालयात विचारा. सोबतीला कोणी जायचं, घरची गुरं कोणी पाहायची, हे गटानं वाटून घ्यावं.

नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला आपल्या मोझरीच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे. १९६८ साली महाराज स्वतः याच आजारानं गेले. हा आजार कोणाच्या पापाचं फळ नाही, हे एवढ्यावरूनच आपल्याला कळावं.

त्या सासूबाई तिसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. तंत्रज्ञानं त्यांना सांगितलं, "आजी, उजेड दिसला म्हणजे मशीन सुरू आहे. तो गेला, की आजचं काम झालं." आता त्या उजेडाची वाटच पाहतात. तुमच्या गावात कोणाचा शेक सुरू असेल, तर त्या घरी जाऊन हे एवढं नक्की सांगा.