नोंद एकाची, सही दुसऱ्याची

भोर-वेल्ह्यात ज्याने गुंठाभर जमीन घेतली-विकली आहे, त्याला फेरफार समजावून सांगावा लागत नाही. खरेदीखत झालं, की तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) गाव नमुना 6 मध्ये नोंद धरतो. सातबारा लगेच बदलत नाही. जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 150 प्रमाणे नोटिसा निघतात, हरकतीला 15 दिवस मिळतात आणि वाद नसेल तर मंडल अधिकारी नोंद तपासून प्रमाणित करतो. लिहिणाऱ्याने स्वतःचीच नोंद मंजूर करायची नाही.

याच तालुक्यांतली जी मुलं हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांत आहेत, त्यांच्या कामात यालाच कोड रिव्ह्यू म्हणतात. प्रोग्रामरने केलेला बदल थेट चालू प्रणालीत जात नाही. तो आधी सहकाऱ्याच्या पडद्यावर येतो, काढलेल्या ओळी लाल आणि घातलेल्या हिरव्या. सहकारी शेरे मारतो, दुरुस्त्या होतात, मग मंजुरी.

चांगला रिव्ह्यू कसा असतो? वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. समजा, एखाद्या प्रणालीत हे नाव बदलायचं आहे. नवा प्रोग्रामर 'वेल्हे' शोधून तिथे 'राजगड' टाकतो. काम पाच मिनिटांचं. तपासणारा मुरलेला असेल तर विचारतो: काही ठिकाणी 'वेल्हा' लिहिलंय, त्याचं काय? जुन्या दस्तांवर जुनंच नाव राहणार, ते शोधले तर सापडतील का? आणि मुळात तालुका नावावरून का ओळखतोयस, त्याला क्रमांक का नाही? तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा, कारण तो चुकीबद्दल नाही, रचनेबद्दल आहे.

ही पद्धत जुनी आहे. आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी 1976 मध्ये तपासणीची शिस्तबद्ध रीत मांडली. तेव्हा माणसं ठरवून बैठकीला बसत आणि कोड ओळीन् ओळ वाचत. आता ते ज्याच्या त्याच्या जागेवरून, सवडीने होतं. मायक्रोसॉफ्टमधल्या रिव्ह्यूंचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांची अपेक्षा चुका सापडण्याची, पण हाती जास्त लागलं ते वेगळंच: कोड वाचायला सोपा होणं आणि एकाला ठाऊक असलेलं दुसऱ्याला कळणं. एकच माणूस सगळं जाणतो आणि तोच नोकरी सोडतो, हे दुखणं आपल्याकडच्या कंपन्यांना नवं नाही.

अर्थात सही म्हणजे हमी नव्हे. इंटरनेटवरच्या सुरक्षिततेसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएलमध्ये 31 डिसेंबर 2011 रोजी एक बदल सामील झाला. समोरून सांगितलेली संदेशाची लांबी खरी आहे का, हे तपासणारी ओळच त्यात नव्हती. तो बदल दुसऱ्या माणसाने पाहिला होता. 'हार्टब्लीड' नावाने ही चूक उघड झाली एप्रिल 2014 मध्ये.

बदल लांबलचक असला, तर विचारूच नका. दहा ओळींवर दहा शेरे येतात, हजार ओळींवर नुसता अंगठा वर. वरिष्ठाचा कोड असेल तर तो अंगठा आणखी लवकर येतो. एका बैठकीत दोनशे ते चारशे ओळी, यापुढे डोळे नुसते फिरतात, वाचत नाहीत. तेव्हा नव्याने नोकरीला लागलेल्यांनो, त्याहून मोठा बदल समोर आला तर संकोच करू नका. साहेबाचा असला तरी सांगा, तुकडे करून पाठवा.